जागा रिकामी आहे

म्हापशात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर
आमचं ऑफिस. चार खुर्च्या, दोन कॉम्प्युटर,
आणि ‘उजवाड ॲडव्हर्टायझिंग’ अशी पाटी,
जिच्यावरचा दिवा एप्रिलपासून बंद.

आधी शॅकवाले गेले,
मग कॅसिनो, मग लग्नाचे हॉल,
शेवटी तो आईस्क्रीमवाला,
ज्याच्या मुलीच्या बारशाची पत्रिकाही आम्हीच केली होती.
गेले म्हणजे, होते सगळे.
फोन उचलायचे, खोकल्यासारखं हसायचे
आणि म्हणायचे, मग बघू.
मी वहीत लिहून ठेवले:
एकूण तेवीस ‘मग’.

कुंदा नाटेकर हिशेब सांभाळते.
पगाराच्या पानावर तिनं पहिल्यांदा
स्वतःचं नाव खोडलं.
मी बघत राहिलो, तर म्हणाली,
पेन्सिलनं खोडलंय.

मिलाग्रिस उसकयला, घरी.
नेटवर्क फक्त चिकूच्या झाडाखाली,
म्हणून तिची डिझाइनं यायची
कोंबड्यांच्या आवाजासकट.
पोदेरासाठी एक कागद केला: पाव उद्या नाही, परवा.
मासळीवाल्या आयतिनबायसाठी रोजची यादी,
बांगडे, तारले, सुंगटं,
भावाच्या जागी रोज वेगळा आकडा.
पैसे कुणाकडे मागणार?
कुंदानं लिहिलं,
जमा: सोलांचं आगळ, बाटली एक.
जमा: सुकी सुंगटं, अंदाजे पाव किलो.

गिरीला हायवेवर आमचं स्वतःचं एक होर्डिंग,
भाडं वर्षभराचं आधीच भरलेलं.
त्यावर अजून एका शॅकची जाहिरात होती,
माडाखाली हसणारी पाच माणसं
आणि मीच लिहिलेलं, ‘आजच या!’
समोरचा रस्ता इतका मोकळा
की मधल्या पट्ट्यावर गुरं बसायची,
तोंड जाहिरातीकडे करून.
मला ते उद्गारचिन्ह बघवेना.

बारा वर्षं मी ऑफरच लिहिल्या.
त्या रात्री पाच कागद फाडले
आणि सहाव्यावर लिहिलं:
ही जागा रिकामी आहे. आम्ही आहोत.
खाली फोन नंबर.
उरलेल्या फ्लेक्सवर छापलं.
बाबुसो वर चढला, खिळे तोंडात धरून
म्हणाला, जातलें.
तो सगळ्याला जातलेंच म्हणतो,
पंख्याला, तापाला, सरकारला.

पंधरा दिवस फोन वाजला नाही.
मी रिंगटोन तपासून पाहायचो, गुपचूप.

मग एका दुपारी एक म्हातारा आवाज:
उजवाड का? मी कायतान मास्तर, गिरीहून.
तुमचं बोर्ड माझ्या खिडकीसमोर येतं.
नंबरात नऊच आकडे आहेत, ठाऊक आहे ना?
दहावा दिसत नाही.
मी शून्यापासून सुरुवात केली.
आज सातावर लागलात.

मी गप्प. फ्लेक्स अपुरं होतं,
शेवटचा आकडा कडेच्या घडीत गेला होता,
आणि बारा वर्षं मी जगाची प्रुफं तपासत होतो.

मास्तर, काही काम होतं का?
काम नाही रे.
सात अनोळखी माणसांशी बोललो या आठवड्यात.
एक तर थेट वाळपईची बाई निघाली,
तिनं माझ्या गुडघ्याला तेल सांगितलं.
बरे आहेत सगळे.
तुम्ही कसे आहात?

किती दिवसांनी हा प्रश्न
कुणी बिलाची गोष्ट न काढता विचारला होता.
मी उत्तर द्यायला खूप वेळ घेतला असावा,
कारण ते म्हणाले, हॅलो? हॅलो?

संध्याकाळी कुंदानं वही उघडली.
जमा: फोन, एक.
हे पेननं.

दुसऱ्या दिवशी बाबुसो डबा आणि ब्रश घेऊन चढला,
पत्र्याच्या उघड्या कडेवर सात काढायला.
मी खाली शिडी धरून.
पलीकडे, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत,
बनियनवर मास्क लावलेला एक म्हातारा
हात हलवत होता.
मीही हलवला.
नंतर कळलं,
तो नमस्कार करत नव्हता.
सांगत होता, थोडं डावीकडे,
अजून थोडं.